अस्सल बरहुकूम

जुन्या कचेऱ्यांत नकलेवर एक शेरा मारीत असत: ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. म्हणजे, ही प्रत मुळाप्रमाणे आहे, तीत लेखनिकाने पदरचे काही घातलेले नाही आणि मुळातले काही गाळलेलेही नाही. आज आम्ही मुख्याध्यापक मंडळी विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर ‘सत्य प्रत’ असा शिक्का मारून सही करतो, ते त्याच शेऱ्याचे धाकटे भावंड. नक्कल असूनही एखादी वस्तू खरी असू शकते, हा विचार आपल्या कारकुनीला कित्येक शतके परिचित आहे. मात्र एखाद्या खेळण्याच्या बाबतीत तो आपल्याला सहसा सुचत नाही, आणि ह्या महिन्यात मला त्याबद्दलच चार शब्द लिहायचे आहेत.

खेळणे म्हणजे तळहातावर मावणाऱ्या ओतीव धातूच्या मोटारी. त्यातही परदेशी दूरचित्रवाणीवरील गाजलेल्या मालिकांतील मोटारींच्या प्रतिकृती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील किती मराठी घरांच्या काचेच्या कपाटात अशी एखादी गाडी आजही उभी असेल! साठ-सत्तरच्या दशकांत घरातील कोणी काका, मामा विलायतेस गेलेला असे. तो परतला की त्याच्या पेटीतून दाढीची पाती, साबणाच्या वड्या, लोकरीचे मोजे आणि मुलांसाठी निळ्यापिवळ्या खोक्यातील एक मोटार निघे. ज्या मालिकेतील ती मोटार, ती मालिका मात्र आपल्यापैकी कोणी पाहिलेली नसे. आपल्या देशात दूरचित्रवाणी १९५९ साली दिल्लीत सुरू झाली आणि मुंबईला यायला १९७२ साल उजाडले. आमच्या माळव्यात तिची तबकडी घरांवर दिसू लागली ती त्यानंतरही कित्येक वर्षांनी. त्यामुळे इंग्लंडातील मुलाला जी नक्कल होती, ती आपल्या मुलांना मूळ वस्तूच होती. तिला मागे कथा नव्हती. ती कथा मुले स्वतःच रचीत.

ह्या मोटारी करणाऱ्यांत दोन नावे प्रमुख. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची ‘डिंकी’ ही वडीलधारी. तिचे हे नाव १९३४ पासूनचे. दुसरी ‘कोर्गी’, ती १९५६ साली मेटॉय कंपनीने वेल्समधील स्वॉन्सी येथील कारखान्यातून बाजारात आणली. तिच्या मोटारींना पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या होत्या आणि तेवढ्यावरच तिने वडीलधारीची झोप उडविली. जस्तात थोडे ॲल्युमिनियम आणि किंचित तांबे व मॅग्नेशियम मिसळले की जो मिश्रधातू होतो, तो चारशे अंशांच्या आतच वितळतो. तो रस दाब देऊन पोलादी साच्यात सोडायचा, क्षणात थिजवायचा, आणि कडा घासून रंगवायचा. वर्णन सोपे वाटते. परंतु पोलादाचा साचा कोरणे हे फार खर्चाचे व वेळखाऊ काम. एकदा साचा झाला की त्यातून जितक्या गाड्या निघतील तितक्या काढाव्यात, हा ह्या धंद्याचा मूलमंत्र. पुढे जे सांगणार आहे, त्याचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

चित्रपटापासून आरंभ करतो, कारण मालिकांच्या मोटारींची लाट त्यानंतर उसळली. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन मोटार रुपेरी रंगाची होती. कोर्गीने १९६५ च्या अखेरीस तिची प्रतिकृती आणली, ती मात्र सोनेरी! कारण असे सांगतात की, जस्ताच्या गाडीला रुपेरी रंग दिला तर ती रंगवायचीच राहून गेली असे गिऱ्हाइकाला वाटेल. शिवाय साचाही सर्वस्वी नवा नव्हता. त्याच कंपनीने पूर्वी काढलेल्या ॲस्टन मार्टिन डीबी ४ च्या साच्यात फेरफार करून तो सिद्ध केला होता. म्हणजे रंग चुकीचा आणि देह उसना! तरीही ह्या खेळण्याला ब्रिटनमध्ये त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळणे म्हणून गौरविण्यात आले. छताचे झाकण उघडून आतील माणूस बाहेर उडे, पुढून बंदुका निघत, मागे गोळ्या अडविणारी ढाल उभी राही. मुलांना रंगाची फिकीर कोठली! तीन वर्षांनी कंपनीने रुपेरी आवृत्ती काढली. आज संग्राहकांना विचाराल, तर पहिली खरी गाडी म्हणून ते सोनेरीकडेच बोट दाखवितील.

येथे कोणी म्हणेल, निदान पडद्यावरची मोटार तरी निर्विवाद मूळ असेल ना? तेही पाहू. ‘बॅटमॅन’ ही मालिका अमेरिकेत जानेवारी १९६६ ते मार्च १९६८ पर्यंत चालली. तिच्यातील काळी, पंखांची बॅटमोबाईल ही जगातील सर्वांत प्रसिद्ध मोटारींपैकी एक. परंतु ती मुळात बॅटमॅनसाठी घडविलीच नव्हती. १९५५ साली लिंकन कंपनीची ‘फ्युच्युरा’ नावाची एकच प्रायोगिक मोटार इटलीतील तुरिन येथे घिया ह्या कारागिरांनी बांधली. ती मोत्यासारखी पांढरी होती. पुढे एका चित्रपटासाठी ती लाल झाली. शेवटी जॉर्ज बॅरिस ह्या मोटारींच्या कारागिराने ती घेऊन, तिची मोडतोड करून, काळ्या रंगात बॅटमोबाईल बनविली. मग तिच्यावरून त्याने प्रदर्शनांसाठी फायबरग्लासच्या प्रतीही काढल्या. पांढरी, लाल, काळी ह्यांतील मूळ कोणती म्हणायची? २०१३ साली ती मोटार अमेरिकेत लिलावात गेली, तेव्हा बोली ४२ लाख डॉलरवर थांबली. बोलणाऱ्याला हा प्रश्न पडला नसावा.

तिची कोर्गीने १९६६ साली काढलेली प्रतिकृती मात्र आपल्या जागी पक्की आहे. मागून अग्निबाण सुटतात, पुढे साखळी तोडणारे पाते निघते, चाक फिरले की धुराड्यातील ज्वाला मागेपुढे हलते. चाकांच्या तबकडीवर छोटे वटवाघूळ. आरंभीच्या गाड्यांना मागे आकडा नव्हता. पुढे बॅटमॅनची होडी ओढण्यासाठी तो आला. असे आकडे आणि अशी चाके ह्यांवरून जाणकार गाडीचा जन्मकाळ ठरवितात.

आता ज्या पत्रामुळे हा विषय मनात आला ते सांगतो. ग्वाल्हेरच्या एका वाचक आजींनी मला लिहिले. त्यांचे यजमान १९६७ साली लेस्टरहून परतले, तेव्हा मुलासाठी गडद निळ्या रंगाची एक मोटार घेऊन आले होते. बॉनेटवर गोल चिन्ह, छतावर दोन छोटे खुंट. खुंट दाबला की खिडकीतून आळीपाळीने दोन माणसे वाकतात आणि पिस्तुलाचा खटखट आवाज होतो. यजमान आता नाहीत. मुलगा दूरदेशी आहे. घरी आलेल्या एका व्यापाऱ्याने गाडी पाहून सांगितले, की त्या मालिकेत अशी मोटारच नव्हती, तेव्हा ही बनावट आहे. आणि किरकोळ रक्कम पुढे केली. पुतण्याने आणखी एक सल्ला दिला: ह्याच गाडीची पांढरी जात दुर्मिळ आहे, तेव्हा टवके उडालेला निळा रंग खरवडून पांढरा चढवावा, मग बघा भाव! आजींना भावाचे काही नाही. त्यांनी विचारले आहे ते एवढेच: “मास्तर, ह्यांना तेथल्या दुकानदाराने फसवले होते का? त्या दिवसांत ह्यांचा पगार किती तुटपुंजा होता, ते मला ठाऊक आहे.”

आजी, फसवले नव्हते. वर्णनावरून तुमची गाडी कोर्गीची ४९७ क्रमांकाची ‘थ्रश-बस्टर’. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ नावाची हेरांची मालिका अमेरिकेत १९६४ ते १९६८ पर्यंत चालली; नेपोलियन सोलो आणि इलिया कुर्याकिन हे तिचे दोन नायक, आणि ‘थ्रश’ ही त्यांची वैरीण संघटना. मालिका ऐन भरात असता कोर्गीला तिच्या नावाची मोटार हवी होती. परंतु नायकांना तोवर स्वतःची अशी खास मोटारच नव्हती! (पुढे ‘पिराना’ नावाची, प्लास्टिकच्या अंगाची आणि पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची मोटार मालिकेत आली, ती निराळी.) मग कंपनीने आपल्या फडताळातील ओल्ड्समोबाईल सुपर ८८ चा १९६२ चा साचा काढला, आत दोन नायक बसविले, छतावर खुंट आणि बॉनेटवर मालिकेचे चिन्ह लावले, आणि १९६६ साली गाडी दुकानात पाठविली. तेव्हा तुमच्याकडे आलेल्या व्यापाऱ्याने सांगितलेली गोष्ट खरी. पण तिच्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष खोटा. मालिकेत नसलेली मोटार हीच त्या खेळण्याची खूण आहे. कोणी मालिकेबरहुकूम पिराना आणून ‘ही कोर्गीची १९६६ ची’ म्हणू लागला, तरच संशय घ्यावा.

मराठीच्या अभ्यासकाला हे तर्कशास्त्र नवे नाही. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहताना आम्हांला पहिल्याच वर्षी शिकविले जाते, की जो पाठ अवघड, ओबडधोबड, तो बहुधा जुना. जो गुळगुळीत आणि सर्वांना कळणारा, तो मागाहून कोणी सुधारलेला असण्याचा संभव अधिक. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती शिरावर धारण करावी. तथापि ज्याला त्याआधीची भाषा हवी असते, तो अभ्यासक नाथपूर्व पोथीच्याच शोधात असतो. खेळण्याच्या बाबतीतही ‘मूळ’ म्हणजे पडद्यावरची मोटार नव्हे. मूळ म्हणजे त्या कारखान्यातून, त्या वर्षी, त्या साच्यातून निघालेली वस्तू, तिच्या सर्व चुकांसकट. डिंकीने १९६७ साली ‘थंडरबर्ड्स’ मालिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे विमान काढले ते पडद्यावरल्याप्रमाणे हिरवे. १९७४ साली तेच निळे करून विकले. ते निळे विमान पाहून कोणी ‘रंग चुकला’ म्हणून हिरवा कुंचला उचलील, तर त्याने एक खरी वस्तू खोटी केली असे मी म्हणेन.

म्हणून पुतण्याच्या सल्ल्याचा मला राग आला, हे लपवीत नाही. पांढरी थ्रश-बस्टर दुर्मिळ आहे, हे खरे. आणि नेमके त्यामुळेच पांढरी म्हणून जी पुढे येईल तिच्याकडे जाणता माणूस आधी संशयानेच पाहतो.

तो काय पाहतो? सर्वांत आधी गाडी उलटी करतो. वरचे अंग आणि तळाचा पत्रा कारखान्यात रिव्हेट ठोकून जोडलेले असतात. गाडी नीट रंगवायची तर ती खोलावी लागते, आणि खोलायची तर रिव्हेटाचे डोके ड्रिलने पोखरावे लागते. पुन्हा जोडताना तेथे स्क्रू येतो, किंवा गोंदाचा डाग राहतो, किंवा नव्या रिव्हेटाची चकाकी जुन्या पत्र्यात उठून दिसते. रिव्हेट शाबूत असेल तर अर्धी परीक्षा तेथेच उतरली. मग भिंगाने रंग पाहावा. कारखान्यातील रंग पातळ व भट्टीत भाजलेला असतो. बॉनेटवरच्या बारीक रेघा त्याखालून स्पष्ट उमटतात. हौशी हाताचा रंग त्या रेघांत साचतो. टवक्याच्या काठाशी एका रंगाखाली दुसरा रंग डोकावला, तर गाडी पुनर्जन्म घेतलेली आहे. वापरून वापरून झिजलेला रंग उंचवट्यांवर आणि कडांवर झिजतो, खाचेत नाही. मुद्दाम झिजविणाऱ्याला इतका धीर नसतो.

चाके वयाची साक्ष देतात. १९६८ साली अमेरिकेत हॉट व्हील्सच्या सुळकन पळणाऱ्या गाड्या आल्या, आणि कोर्गी व डिंकी ह्या दोघींनाही आपल्या गाड्यांना तशी पातळ, कमी घर्षणाची चाके बसवावी लागली. १९६६ च्या खोक्यातून अशा चाकांची गाडी निघाली, तर खोके आणि गाडी ह्यांचे लग्न कोणीतरी मागाहून लावले आहे.

खोक्याचे प्रकरण निराळेच. आपल्या घरांत खोके दुसऱ्या दिवशी बंबात जाई किंवा बटणे ठेवायला आईकडे जाई. आज संग्राहकांत गाडीइतकेच, कित्येकदा तिच्याहून अधिक, मोल खोक्याला येते; म्हणून खोक्यांच्या हुबेहूब छपाया होऊ लागल्या. जुन्या छपाईत सपाट रंगाचा पट्टा अखंड शाईचा असतो. हल्लीच्या छपाईत भिंगाखाली त्याच पट्ट्याचे बारीक ठिपके होतात. दुकानात नोटा तपासायचा निळसर दिवा असतो, त्याखाली आजचा कागद पुष्कळदा लख्ख उजळतो, जुना पुठ्ठा बहुधा मंदच राहतो. एकाच कसोटीवर मात्र विसंबू नये. अग्निबाण, तारा, चाके असे सुटे भागही आज नवे करून मिळतात. तुटलेल्या गाडीला नवा भाग बसविण्यात पाप नाही. बसवून मौन पाळणे हे मात्र पाप. स्वतः कोर्गीनेही आपल्या जुन्या लोकप्रिय मोटारींच्या नव्या आवृत्त्या पुढे चीनमध्ये घडवून काढल्या. त्या बनावट नव्हेत, पुनर्मुद्रणे आहेत. तळावर वाचायचे कष्ट घेतले की उलगडा होतो.

आपल्या देशाचाही ह्या कथेत एक छोटा अध्याय आहे. डिंकीचे काही जुने साचे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निक्की टॉईज’ नावाने मोटारी निघू लागल्या. साचा लिव्हरपूलचा, धातू व हात इकडचे. ओतकाम जरा राकट, रंग जाडसर. त्या मालिकांतील मोटारी नव्हत्या, साध्याच होत्या. पण कोणी त्यांना ‘नकली डिंकी’ म्हटले की मला वाईट वाटते. त्या अस्सल निक्की आहेत, आणि परदेशातील संग्राहक त्या तशाच नावाने शोधतात. एखाद्या वाचकाच्या माळ्यावर असेल तर तिला घासूनपुसून विलायती करण्याच्या भरीस पडू नये.

जुने जसेच्या तसे राखावे, ह्या मताची एक कठीण बाजूही आहे. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ ही अमेरिकन मालिका १९७९ ते १९८५ पर्यंत चालली. तिच्यातील ‘जनरल ली’ नावाची नारिंगी डॉज चार्जर मोटार प्रत्येक भागात उड्या मारी, आणि त्या उड्यांत अशा शेकडो मोटारींचा चुराडा झाला. तिच्या छतावर अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचे निशाण होते. २०१५ साली त्या निशाणावरून तेथे मोठा क्षोभ झाला आणि मालिकेच्या मालक कंपनीने छतावर ते असलेल्या नव्या प्रतिकृतींना परवानगी देणे थांबविले. नव्या खेळण्याबाबत हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या कपाटात १९८१ ची जुनी प्रतिकृती आहे, त्याने ते चित्र खरवडावे काय? माझे मत, खरवडू नये. नातवाने विचारले की हे निशाण कसले, तर त्याला खरे ते सांगावे. आणि त्याने विचारले नाही, तरीही सांगावे. चित्र खरवडून टाकलेली गाडी त्याला काहीच विचारायला लावणार नाही.

तेव्हा आजी, तुमच्या गाडीला रंग लावू नका. तेलपाणीही नको, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकली तरी पुरे. उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवा, रबराची दोरी गुंडाळू नका, आणि एका कार्डावर यजमानांचे नाव, लेस्टर, १९६७ एवढे आपल्या हाताने लिहून तिच्याखाली ठेवा. व्यापारी पुन्हा आला तर त्याच्यापुढे गाडी उलटी करून रिव्हेट दाखवा आणि चहा द्या.

आणखी एक काम आहे. ह्या गाडीबरोबर खोक्यात एक लहान प्लास्टिकची अंगठी येत असे. तिच्यावरचे चित्र हलविले की बदलते. एकदा सोलो दिसतो, एकदा कुर्याकिन. मुलांनी ती बहुतेक हरवलीच. परंतु आपल्याकडे अशा वस्तू टाकून देत नाहीत. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी, एकदा पाहावे. आणि सापडली तर मला अवश्य कळवावे.